ब्युएल एक्सबी१२आर ट्रॅक डेला न्यावी का? एअर कूल्डवाल्यांनी सांगा

खटारा_प्रेमी

नमस्कार मंडळी, मूळचा साताऱ्याचा, सध्या मुक्काम न्यू जर्सी. इथे मिलव्हिलला न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क आहे तिथे मधूनमधून ट्रॅक डे (रेस नव्हे, आपली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस) करतो, आजवर सगळे मित्राच्या निंजा ४०० वर, आणि अजून नॉव्हिस म्हणजे नवशिक्यांच्या ग्रुपातच आहे हे आधीच सांगून टाकतो. आता गॅरेजात एक २००६ ची ब्युएल एक्सबी१२आर फायरबोल्ट येऊन उभी राहिलीये. बायको म्हणते हे काय आणलंस, आणि तिचं अगदीच चूक नाही कारण गाडी दिसतेच विचित्र.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, हार्लेच्या स्पोर्टस्टरच्या वंशातलं १२०३ सीसीचं ४५ अंशाचं व्ही ट्विन, पुशरॉडवालं, रेडिएटर नावाची वस्तूच नाही. पेट्रोल फ्रेमच्या आत, ऑइल स्विंगआर्मच्या आत, सायलेन्सर पोटाखाली, चेनच्या जागी बेल्ट. पुढे एकच डिस्क पण ती ३७५ मिमीची, आणि हबला नाही तर थेट रिमला लावलेली, कॅलिपर आतल्या बाजूने धरतो. एरिक ब्युएल हा हार्लेचाच जुना इंजिनिअर, त्याचं डोकं.

तर प्रश्न असे की जुलैच्या उकाड्यात वीस मिनिटांचं सेशन हे इंजिन झेपवेल का, ब्रेक लावला की ही गाडी वळणात उठून उभी राहते असं सगळीकडे वाचलंय ते कितपत खरं, आणि ६८०० आरपीएमलाच रेडलाइन (त्यापुढे इंजिन फिरवायचं नाही) असलेली गाडी घेऊन मी बाकीच्या सहाशे सीसी स्पोर्टबाईकवाल्यांच्या पायात येईन का? उगाच कुणाच्या दिवसाचं मातेरं करायचं नाहीये.

स्पष्टवक्ता_७

विकून टाक ही. सुझुकीची एसव्ही ६५० घे, आणि उरलेल्या पैशात टायर आणि चांगला लेदर सूट. ब्युएल कंपनी हार्लेने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली, पडलास तर फेअरिंग कुठून आणणार? ट्रॅकवर पडायला होतंच कधी ना कधी. एसव्हीचं काहीही कुठेही मिळतं. बाकी चालू द्या.

वळणवेडा

स्पष्टवक्ता यांचा पार्ट्सचा मुद्दा बरोबर आहे पण बाकी नाही पटलं. पेनसिल्व्हेनियात असतो, एक्सबी९आर बरीच वर्षं ट्रॅकवर चालवतोय (तीच गाडी, ९८४ सीसी, स्ट्रोक कमी म्हणून ७५०० पर्यंत फिरते), तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी उष्णतेचं. पळत असताना एअर कूल्ड इंजिनाला काही होत नाही, वारा लागतोय ना, त्याला खरा त्रास उभं राहिल्यावर. सेशनच्या आधी सगळे पिट लेनमध्ये रांगेत इंजिन घरघरत ठेवून उभे राहतात, तिथे मागचा सिलिंडर भाजून निघतो कारण पुढच्याच्या आडोशाला असतो, म्हणून तर तिथे फॅन दिलाय. रांगेत किल्ली बंद कर, कंट्रोल रायडरने (ट्रॅकवर लक्ष ठेवणारा आयोजकांचा माणूस) हात हलवला की चालू कर. फारच तापलं तर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) मुद्दाम ठिणग्या गाळायला लागतो, गाडी अडखळल्यासारखी करते, नवीन माणसाला वाटतं पेट्रोल संपलं. तसं झालं तर निमूट बाहेर ये. सेशन संपल्यावर किल्ली काढली तरी फॅन फिरत राहतो, घाबरू नकोस, फक्त बॅटरी जुनी असेल तर बघ. मी पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायची जागा) घरातला पेडेस्टल फॅन आणतो आणि सरळ इंजिनावर सोडतो, लोक हसतात, हसू देत.

आणि पेट्रोल फ्रेममध्ये असल्यामुळे तेही तापतं. सकाळी गारव्यात काठोकाठ भरून गाडी उन्हात उभी करू नकोस, पेट्रोल फुगून वर येतं.

ऑइलचं जास्त महत्त्वाचं. लेव्हल गाडी गरम झाल्यावरच आणि साइड स्टँडवर बघायची, थंड बघून वर टाकलंस की जास्त होतं आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडायची वाट) एअरबॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात जातं. ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला राहिलं की हे आणखी वाढतं. म्हणून ब्रीदरच्या नळ्या एअरबॉक्समधून काढून एका छोट्या कॅच कॅनमध्ये (ते ऑइल धरणारा डबा) सोड, टेक इन्स्पेक्शनवाले (ट्रॅकवर जाण्याआधी गाडी तपासणारे) पण खूश. बाय द वे, बहुतेक ठिकाणी निदान वरच्या ग्रुपांना कूलंट काढून नुसतं पाणी भरावं लागतं कारण ग्लायकोल ट्रॅकवर सांडलं की ट्रॅक घसरडा होतो आणि पुसता पुसत नाही. आपल्याला ती कटकटच नाही, टेकला मी सगळ्यात आधी मोकळा होतो.

आता उठून उभी राहण्याचं. आहे, खरं आहे. रेक (स्टीअरिंगचा उभ्या रेषेपासूनचा कल) २१ अंश, ट्रेल (स्टीअरिंगच्या रेषेपासून टायर जमिनीला टेकतो तिथपर्यंतचं अंतर) ८३ मिमी, व्हीलबेस १३२० मिमी. सहाशेच्या स्पोर्टबाईकना रेक २४ च्या आसपास असतो, म्हणजे ही त्यांच्यापेक्षाही उभी आणि आखूड. वळताना एकदम चपळ पण ब्रेक धरून झोपवायला गेलास की हँडल परत ढकलतं. लोक रिमच्या डिस्कला दोष देतात, माझ्या मते निम्म्याहून जास्त दोष टायरचा. पुढचा टायर हायवेवर मध्यभागी चपटा झालेला असेल तर ही गाडी तुला माफ करत नाही. नवा गोल प्रोफाइलचा टायर टाक, टायर कंपनीने ट्रॅकसाठी दिलंय ते प्रेशर ठेव, आणि ओनर्स मॅन्युअलमध्ये रायडरच्या वजनाप्रमाणे सस्पेन्शन सेटिंगचा तक्ता आहे तो उघड, त्यात लेदर आणि हेल्मेटसकट वजन धर. इतकं केलंस तरी फरक कळेल. ट्रेल ब्रेकिंग (वळणात शिरतानाही ब्रेक थोडा धरून ठेवणं) करायचंच तर एक बोट, आणि सोडताना हळू, झटक्यात सोडलास तर उलट आत पडते.

स्पष्टवक्ता_७

एवढं सगळं वाचून झाल्यावरही माझं उत्तर तेच 😀 पण पेडेस्टल फॅन आवडला.

झुकेगा_साला

अरे पण ब्युएलने २००९ ला अमेरिकेतली एएमए डेटोना स्पोर्टबाईकची चॅम्पियनशिप मारली होती की, डॅनी एस्लिकने. मग ही गाडी हळू कशी?

वळणवेडा

ती ११२५आर रे. रोटॅक्सचं लिक्विड कूल्ड इंजिन, नाव सोडलं तर ह्या गाडीशी संबंध नाही. एअर कूल्डवर कारखान्याने रेससाठी केलेली एक्सबीआरआर, २००६ ची, १३३९ सीसी, पन्नासच बनवल्या. आपली त्यातली नव्हे. एक्सबी१२आरला क्रँकला १०३ एचपी, आणि तेही कागदावर.

आणि खटारा भाऊ, पायात येईन का हा तुझा प्रश्न राहिलाच. येशील, पण तू समजतोस तसा नाही. नॉव्हिस ग्रुपात वळणात ओव्हरटेकिंग बहुतेक बंद असतं, सरळ रस्त्यावरच काढायचं. आता गंमत बघ, तू वळणात पुढच्या यामाहा आर६ वाल्याच्या मागच्या टायरला चिकटलेला, आत त्याच्यापेक्षा वेगात, पण नियमाने काढता येत नाही. सरळ आली की तो कान पिळतो आणि गेला. पुढच्या ब्रेकिंगला परत तू त्याच्या मागे. हे सत्र वीस मिनिटं चालतं आणि दोघंही वैतागतात, तो म्हणतो हा मागे का घोंगावतोय.

यावर उपाय म्हणजे एक्झिट, वळणातून बाहेर पडणं. तुझ्याकडे टॉर्क आहे, ६००० आरपीएमलाच सगळा येतो, आणि त्याचं इंजिन त्यावेळी अजून जागं व्हायचंय. अ‍ॅपेक्सच्या (वळणाचा सगळ्यात आतला बिंदू) आधीच त्याच्यापासून थोडं अंतर सोड, गाडी लवकर उभी कर, आणि वळण संपून सरळ सुरू होते त्या पहिल्या टप्प्यातच बाजूने निघून जा. तिथे नाही जमलं तर मग नाहीच. अंतर न सोडता चिकटून राहिलास तर एक्झिटला थ्रॉटल उघडायला जागाच उरत नाही. आणि अगदीच कोंडी झाली तर पिट लेनमधून एक चक्कर मारून ये, मोकळा ट्रॅक मिळतो, त्यात कमीपणा काही नाही.

गिअर कमी टाक. निंजाची सवय आहे तुला, प्रत्येक वळणाला दोन गिअर पाडायची. इथे स्लिपर क्लच (गिअर पाडताना मागच्या चाकाला बसणारा झटका कमी करणारा) नाही, एवढाले दोन पिस्टन आहेत, घाईत गिअर पाडलास की मागचं चाक टणाटण उड्या मारतं. ब्रेक आधी, गिअर शेवटी, तोही एकच. पुष्कळ ट्रॅकवर मी तिसरा आणि चौथा सोडून कुठे जातच नाही.

कोईमतूर_रिटर्न

वळणवेडा यांना +१, विशेषतः रांगेत किल्ली बंद करण्याला.

मी पुण्याचा, गाडी रॉयल एनफील्ड कॉन्टिनेंटल जीटी ६५०, म्हणजे एअर आणि ऑइल कूल्ड, ४७ बीएचपी, १८ इंची चाकं. ब्युएलसमोर बैलगाडीच, पण जात तीच. चेट्टिपालयमला कारी मोटर स्पीडवेवर जातो, साधारण २.१ किमीचा छोटा ट्रॅक आहे, गाडी टेम्पोत घालून पाठवतो आणि आम्ही ट्रेनने. २०२१ पासून तिथे जीटी कप पण होतो, एकाच गाडीची रेस, त्यामुळे ही गाडी ट्रॅकवर बघून आता कुणी भुवया उंचावत नाही, आधी उंचावायचे.

आमचा त्रास वेगळा, फूटपेग लवकर घासतात. गाडी जास्त झोपवता येत नाही म्हणजे अंग बाहेर काढावंच लागतं, बूड अर्धं सीटच्या बाहेर, डोकं आरशाच्या जागी (आरसा काढलेला असतो). याने झालं काय की बॉडी पोझिशन आपोआप शिकलो. केटीएमवाले मित्र सरळ रस्त्यावर वेळ कमावतात आणि वळणात नुसते बसून असतात.

ऑइलबद्दल एक, एअर कूल्डला ट्रॅकवर ऑइलच कूलंटचं काम करतं, त्यामुळे मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट बघू नका, ट्रॅकचे एक दोन दिवस झाले की बदला. काळं पडतंच. कोईमतूरला दुपारी दोनचं सेशन मी सरळ सोडून देतो, तेवढ्यात सावलीत जेवून घेतो. गाडीलाही बरं आणि मलाही.

खटारा_प्रेमी

वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. स्पष्टवक्ता, एसव्हीचं खरंय पण गाडी आलीये घरात, आता तिला एकदा तरी फिरवल्याशिवाय नाही विकणार.

मिलव्हिलला दोन ट्रॅक आहेत, थंडरबोल्ट २.२५ मैलांचा आणि लाइटनिंग १.९ मैलांचा. वरचं वाचून असं वाटतंय की आधी लाइटनिंगला जावं, सरळ रस्ता कमी म्हणून? आणि टायर नवे टाकायचेत, ट्रॅकवरच टायरवाला व्हॅन घेऊन येतो त्याच्याकडून बसवून घेऊ की घरूनच बसवून जाऊ? बेल्टचं काही करायचं का?

वळणवेडा

लाइटनिंगच. तिथे तो लाइटबल्ब म्हणतात तो भाग आहे ना, लांबच लांब एकाच बाजूला वळत राहणारा, तिथे ही गाडी एका गिअरमध्ये थ्रॉटल किंचित उघडा ठेवून अशी जाते की मजा येते. थंडरबोल्टची मोठी सरळ नंतर बघ.

बेल्टला तेल नको, ताणायची सोय नाही, आयडलर पुली ताण धरते. ट्रॅकच्या बाहेर खडीत गेलास तर मात्र बेल्ट आणि पुलीच्या मध्ये खडा अडकलाय का ते हाताने फिरवून बघ, आणि दातांच्या बुडाशी चीर असेल तर चालवू नकोस. तोटा एवढाच की चेनसारखं स्प्रॉकेट बदलून गिअरिंग बदलता येत नाही, मिळालंय ते मिळालंय. व्हील बेअरिंग मात्र जायच्या आधी दोन्ही चाकांची बघ, चाक उचलून हलव, हाताला खडबड लागली तर बदलूनच जा, एक्सबीचं ते जुनं दुखणं आहे.

टायर घरूनच बसव, तुझ्या डोळ्यासमोर. ट्रॅकच्या टायरवाल्याने रिमवरची डिस्क आधी पाहिलेली नसते, घाईत चाक डिस्कच्या बाजूने फरशीवर आपटलं की ती वाकलीच आणि दुसरी शोधत बस. तुला त्यांच्याकडूनच करायचं असेल तर चाक तू स्वतः काढून दे आणि डिस्क वर करून ठेव म्हणून सांग.

स्पष्टवक्ता_७

आणि चाक काढताना पुढच्या एक्सलचे आटे उलटे आहेत. नेहमीसारखा पाना डावीकडे फिरवलास तर सैल होणार नाही, घट्टच होत जाईल.

वळणवेडा

स्पष्टवक्ता साहेब, तुम्हाला हे कसं ठाऊक? 😀

स्पष्टवक्ता_७

होती एक. एक्सबी९एस. विकली.

खटारा_प्रेमी

😂😂 आता समजलं. ठीक, टायर घरूनच, एक्सल उलटा, कॅच कॅनची ऑर्डर आत्ताच टाकतो. कॅन नेमका कुठे बसवलाय त्याचा फोटो टाकाल का वळणवेडा? सीटखाली जागा दिसत नाहीये.