ओटावात घराला एसी: ५,२०० की १४,५०० डॉलर? कोटेशनमध्ये एवढा फरक का?

नेपियनकर

नमस्कार मंडळी. ओटावात दुमजली घर आहे, बांधकाम १९९४चं, बेसमेंट सोडून १,८५० चौरस फूट. घर गरम करणारी गॅसची फर्नेस ६०,००० बीटीयूची, २०१२मध्ये बसवलेली. विजेचं पॅनल १०० अँपिअरचं. स्वयंपाक आणि गरम पाणी दोन्ही गॅसवर. एसी अजिबात नाही.

तीन कोटेशनं आली आहेत, तिन्ही १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) धरून. २ टनाचा सेंट्रल एसी ५,२०० डॉलर, ३ टनाचा ७,९००, आणि फर्नेस तशीच ठेवून अडीच टनाचा कोल्ड-क्लायमेट हीट पंप (उन्हाळ्यात घर गार, थंडीत गरम करणारा) १४,५००. पुण्यात एका बेडरूमला दीड टन लावतात, मग इथे अख्ख्या घराला २ टन कसा पुरेल? आणि जिथे पारा उणे २५पर्यंत उतरतो तिथे दोन-अडीच महिन्यांच्या उन्हाळ्यासाठी किती खर्च करणं शहाणपणाचं? जून ते ऑगस्ट आईबाबा इथे असतील, दोघंही सत्तरीपुढचे. यंदापुरता खिडकीतला एसी चालेल का?

पत्रा_आणि_तांबं

आधी टनाचं बघू, कारण बाकीचा हिशोब त्यावरच उभा आहे. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढणं. पुण्यात टेरेसखालची खोली म्हणजे डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब, विटांच्या भिंतीत इन्सुलेशन नाही आणि एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश. ओटावात एसीचं गणित बाहेरचे ३० अंश धरून करतात. आत २४ ठेवायचे तर फरक फक्त ६ अंशांचा. भिंती आणि अ‍ॅटिक इन्सुलेशनने भरलेले असतात, त्यामुळे उष्णता येते ती मुख्यतः काचेतून, त्यातही पश्चिमेच्या. तुमच्या वर्णनाच्या घराला बहुधा २ ते अडीच टन पुरतो. पण अंदाजावर थांबू नका. कॅनडात यासाठी सीएसए एफ२८० ही पद्धत आहे, तिने खोलीगणिक आकडेमोड करून मागा. जो कंत्राटदार खिडक्या न मोजता ३ टन म्हणतो, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

मोठा एसी घेतला तर काय बिघडतं? तो दहा मिनिटांत हवा गार करतो आणि बंद पडतो. घरातल्या गार कॉईलवर (नळ्यांच्या जाळीवर) साचलेलं पाणी खाली निथळायला वेळच मिळत नाही. घर गार पण दमट, चिकट. ओटावाच्या जुलैत खरा त्रास दमटपणाचाच असतो.

आता ब्लोअर, म्हणजे फर्नेसमधला पंखा; एसीची गार हवाही तोच फिरवतो. दर टनाला साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, म्हणजे ३ टनाला १,२००. इथले डक्ट (हवेच्या पत्र्याच्या नळ्या) मुळात हीटिंगसाठी आखलेले. बहुतेक फर्नेसच्या पाटीवर फर्नेसबाहेरच्या वाटेचा दाब (पाण्याच्या इंचांत) जास्तीत जास्त ०.५ इंच लिहिलेला असतो. ओली कॉईल त्यातले ०.२ ते ०.३ इंच खाते आणि १ इंची जाड प्लीटेड फिल्टर आणखी ०.२. मग डक्टसाठी उरतं काय? हवा कमी पडली की कॉईलवर बर्फ धरतो. म्हणून ४ इंची फिल्टरचा डबा त्याच कामात बसवून घ्या.

अडीच टनाच्या सेंट्रल एसीचा खर्च साधारण असा फुटतो: बाहेरचं युनिट आणि कॉईल मिळून २,५०० ते ३,५००, तांब्याच्या नळ्या आणि ड्रेन ३०० ते ५००, फर्नेसच्या डोक्यावरचा पत्र्याचा प्लेनम (हवेची पेटी) कापून नवा करणं ३०० ते ७००, वायरिंग ५०० ते ९००, दोन माणसांची एक दिवसाची मजुरी १,२०० ते २,०००. वर एचएसटी. तुमचं ५,२००चं कोटेशन स्वस्ताच्या टोकाला आहे. त्यात प्लेनम, वायरिंग आणि परमिट धरलंय का ते विचारा. नसेल तर शेवटच्या दिवशी हजारभर वाढतात.

फर्नेसच्या वर छतापर्यंत किती जागा आहे तेही मोजा. कॉईलच्या पेटीला १८ ते २४ इंच लागतात, आणि नेमकी तीच जागा बुटक्या बेसमेंटमध्ये नसते.

तीनफेज

विजेचं सांगतो. अडीच टनाच्या एसीला २४० व्होल्टचा दुहेरी ब्रेकर लागतो, बहुधा २५ किंवा ३० अँपिअरचा. नेमका आकडा युनिटच्या पाटीवर असतो, त्यापेक्षा मोठा ब्रेकर घालू नका. बाहेर युनिटच्या नजरेच्या टप्प्यात डिस्कनेक्ट स्विच हवा. स्वयंपाक आणि पाणी गॅसवर आहे, तेव्हा १०० अँपिअरचं पॅनल सहसा पुरतं. इलेक्ट्रिक कारचा चार्जर असेल तर लोड कॅल्क्युलेशन करूनच ठरवा. ऑन्टारियोत, म्हणजे आपल्या प्रांतात, या कामाची नोंद ईएसएकडे (विद्युत सुरक्षा प्राधिकरणाकडे) व्हावी लागते.

हीट पंपच्या कोटेशनमध्ये एक ओळ शोधा: बॅकअप कशाचा? फर्नेसचा असेल तर ठीक. १० किलोवॅटचा इलेक्ट्रिक हीटर लिहिला असेल तर तो एकटा ४२ अँपिअर ओढतो, मग २०० अँपिअरचं पॅनल आलं, म्हणजे २,५०० ते ४,५०० डॉलर वेगळे.

हीट पंप परवडतो का, हे स्वतःच्या बिलावरून काढा. १ घनमीटर गॅस ९५ टक्के कार्यक्षम फर्नेसमध्ये जाळला की साधारण ९.९ किलोवॅट-तास उष्णता मिळते. विजेचा सगळे आकार धरून युनिटदर गुणिले ९.९, भागिले गॅसचा घनमीटरदर. आलेल्या आकड्यापेक्षा पंपाचा सीओपी (एका युनिट विजेत मिळणारी उष्णतेची युनिटं) जास्त असेल तेव्हाच पंप स्वस्त. समजा वीज १४ सेंट आणि गॅस ४२ सेंट, तर उत्तर ३.३. एवढा सीओपी बाहेर शून्याच्या बराच वर पारा असताना मिळतो, उणे १५ला २च्या आसपास येतो. म्हणजे या दराने ऐन हिवाळा फर्नेसवरच काढायचा. पण अल्ट्रा-लो ओव्हरनाइट दरयोजना घेतली तर रात्री ११ ते सकाळी ७ वीज इतकी स्वस्त पडते की उत्तर दीडच्या आसपास येतं आणि तेवढे तास पंप जिंकतो. पंप आणि फर्नेसची अदलाबदल किती अंशांवर करायची, हे थर्मोस्टॅटमध्ये बसवता येतं.

केंद्राचं ५,००० डॉलरपर्यंतचं ग्रीनर होम्स अनुदान नव्या अर्जांना बंद झालंय. ऑन्टारियोची योजना २०२५च्या जानेवारीत सुरू झाली, पण गॅसवरच्या घरांना तिच्यात कमी मिळतं आणि साध्या एसीला काहीच नाही. सही करण्याआधी त्या दिवशीचे नियम वाचा.

गॅटिनोकाठ

आईबाबांच्या वयाचं मनावर घ्या. २०२१च्या उष्णतेच्या लाटेत ब्रिटिश कोलंबियात ६१९ माणसं गेली, बहुतेक सगळी घरातच, आणि त्यातली बरीचशी सत्तरीपुढची. सेंट्रल एसी लांबला तर निदान त्यांची बेडरूम जूनआधी गार होईल असं बघा. ८,००० बीटीयूचा खिडकीतला एसी ३०० ते ४५० डॉलरला मिळतो, मात्र तो वर सरकणाऱ्या खिडकीसाठी बनवलेला. इथल्या आडव्या सरकत्या किंवा हँडलने उघडणाऱ्या खिडक्यांत तो बसत नाही. तिथे जमिनीवरचा पोर्टेबल घ्यावा, तोही दोन पाइपांचा. एकपाइपी मशीन घरातलीच हवा बाहेर फेकतं आणि तेवढीच गरम हवा फटींतून आत ओढतं. आगीत बाहेर पडायची तीच खिडकी असेल तर ती पक्की बंद करू नका.

बसवणाऱ्याकडून लेखी घ्यायच्या गोष्टी: ब्रेझिंग (नळ्यांचे सांधे जोडणं) करताना नळीतून नायट्रोजन, मग नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, मग ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप) व्हॅक्यूम, आणि तो मायक्रॉन गेजवर तुम्हाला दाखवायचा. घाई इथेच होते. नळीत ओल राहिली तर कॉम्प्रेसर दहा वर्षंही काढत नाही. माणूस ३१३ए किंवा ३१३डी (एसी-मेकॅनिकच्या) लायसन्सचा हवा.

कर्ज किंवा भाड्याच्या करारावर एसी घेऊ नका. महिना ९० डॉलर ऐकायला हलकं वाटतं, पण १२० महिन्यांचे १०,८०० होतात. दारावर येऊन असे करार करून घेण्यावर ऑन्टारियोत २०१८पासूनच बंदी आहे.

नेपियनकर

मनापासून आभार. ३ टन बाद. एक कंपनी मार्चमध्ये काम केलं तर ६०० डॉलर कमी करते म्हणतेय. घ्यावं का? आणि हिवाळ्यात बाहेरचं युनिट झाकायचं का?

पत्रा_आणि_तांबं

मार्चमध्ये घ्या, पण एका अटीवर. बाहेर साधारण १५ अंशांखाली एसी चालवून त्यातल्या गॅसची (रेफ्रिजरंटची) तपासणी नीट होत नाही. कारखान्यातून बहुधा १५ फूट नळीपुरता गॅस भरून येतो, वरच्या फुटांचा वजनकाट्यावर मोजून घालावा लागतो. तेव्हा मेअखेरीला परत येऊन सबकूलिंग (गॅस बरोबर भरलाय का ते सांगणारं माप) तपासणार, त्याचे वेगळे पैसे नाहीत, हे कोटेशनवर लिहून घ्या आणि ३०० डॉलर त्या भेटीपर्यंत राखून ठेवा.

एसीला फक्त डोक्यावर फळी किंवा टोपी पुरे. सगळं गुंडाळलं तर आत ओल कोंडते आणि उंदीर वायरी कुरतडतात. छपराच्या कडेवरून बर्फ जिथे कोसळतो तिथे युनिट ठेवूच नका. हीट पंप घेतलात तर तो कधीही झाकायचा नाही, आणि तो १८ इंच उंच स्टँडवर हवा, नाहीतर डीफ्रॉस्टचं (पंपावरचं हिम वितळून आलेलं) पाणी खालीच गोठून पंख्यापर्यंत चढतं. वसंतात पहिल्यांदा एसी लावण्याआधी ब्रेकर २४ तास चालू ठेवा, म्हणजे क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा) असेल तर तेलात मिसळलेला गॅस सुटून जाईल.