वादळात कुत्र्यांना आत घेतलं म्हणून क्रमांक खाली?

पहाटवारा
मार्च उजाडला की माझी झोप अलास्काच्या घड्याळावर जाते. इडिटारोड ही कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांची शर्यत, अँकरेज ते नोम, साधारण १,६०० किलोमीटर. अँकरेजच्या उत्तरेला असलेल्या विलोहून रविवारी दुपारी दोनला खरी शर्यत सुटते तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट असते, साडेचार. प्रत्येक गाडीवर जीपीएस असतो. पुढचे नऊदहा दिवस मी नकाशावरचे ठिपके बघत चहा गार करते.

२०२२ साली शेवटच्या टप्प्यात बेरिंग समुद्राच्या बाजूने वादळ आलं. मिल पोर्सिल्ड आणि मिशेल फिलिप्स या दोघी मशर (गाडी हाकणाऱ्या) वाटेतल्या निवाऱ्यात शिरल्या आणि कुत्र्यांनाही आत घेतलं. पशुवैद्याच्या तपासणीशिवाय कुत्रं छपराखाली आणायचं नाही, असा तेव्हा नियम होता. दोघींचे क्रमांक उतरवले, पोर्सिल्ड चौदावरून सतरावर गेली. कुत्र्यांच्या दृष्टीने त्यांनी योग्यच केलं, हे आयोजकांनीही मान्य केलं. मग शिक्षा कशाची? हा नियम बदलायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

सरळरेघ
ताई, असहमत. त्याच वादळात इतर काहींनी कुत्री बाहेर बर्फातच ठेवली होती. ही शर्यत विश्रांतीच्या हिशोबावर चालते. एक चोवीस तासांची सक्तीची विश्रांती, युकॉन नदीवर आठ तासांची, नोमच्या अलीकडे व्हाइट माउंटनला आणखी आठ तासांची. वाऱ्यापासून लपून सुकं अंग करून झोपलेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी वेगळंच धावतं. शिवाय खोपटी मोजकीच. जो आधी पोचला त्याची कुत्री आत, मागून येणाऱ्याने काय करायचं? आणि निवारा आहे म्हटलं की लोक नको त्या हवेत गाडी काढतील. ही कुत्री थंडीसाठीच घडलेली आहेत.

उणे_वीस
मी मिनेसोटात राहतो. जानेवारीअखेर डुलुथकडे जॉन बेअरग्रीस मॅरेथॉन होते, तीही कुत्र्यांच्या गाड्यांचीच, तिथे एकदा चेकपॉइंटवर (वाटेतल्या थांब्यावर) उभा होतो. गाडी थांबल्यावर त्या माणसाने स्वतः घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. आधी गुडघ्यावर बसून कुत्र्यांच्या एकेका पायाचे मोजे काढले, बोटांच्या बेचक्यात मलम लावलं, पेंढा पसरला, मग चूल पेटवली. कुत्री पेंढ्यावर गोल फिरली, नाक शेपटीखाली घालून मुटकुळं करून पडली. पाठीवर पडलेला बर्फ वितळत नव्हता, इतकी त्यांची लोकर अंगातली ऊब धरून ठेवते.

म्हणजे थंडीबद्दल सरळरेघ यांचं बरोबर. पण वाऱ्याचं आणि उडत्या बर्फाचं काय? २०१३ साली उनालाक्लीटला शर्यतीतून उतरवून ठेवलेलं डोराडो नावाचं कुत्रं बर्फाखाली गाडलं जाऊन गुदमरून मेलं. रानात नाही, चेकपॉइंटवर! त्यानंतरच आयोजकांनी तिथे कुत्र्यांसाठी निवारे बांधायचं ठरवलं. मुटकुळं करून पडलेल्या कुत्र्यावर बर्फ साचत गेला तर ते हलत नाही, ऊब लागते म्हणून आणखी निश्चिंत झोपतं. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

माळरान
तुम्ही दोघं नियमावर भांडताय, मला शर्यतच मान्य नाही. २०२४ मध्ये तीन कुत्री मेली. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर किती वर्षं कोर्टात वाद चालला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह मान्यता कायम ठेवली. तिथेही शेतकरी म्हणतो बैलावर माझा जीव आहे, आणि ते खरंही असतं. पण वादळात जायचं की नाही हे कुत्र्याला कोणी विचारत नाही.

पहाटवारा
माळरान, मेलेल्या कुत्र्यांबद्दल मी वाद घालणार नाही. बातमी वाचली त्या दिवशी मी नकाशा उघडलाच नाही. पण "कुत्र्याला कोणी विचारत नाही" हे पटत नाही. १९२५ मध्ये नोममध्ये घटसर्पाची साथ आली तेव्हा नेनानाहून वीस मशर आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने १,०८५ किलोमीटरवर औषध (घटसर्पावरचं प्रतिविष) पोचवलं, साडेपाच दिवसांत. त्यांतल्या लिओनहार्ड सेप्पालाने नॉर्टन साउंडचा गोठलेला समुद्र ओलांडला तो पुढच्या टोगो कुत्र्याच्या भरवशावर. आणि २०१४ च्या इडिटारोडमध्ये जेफ किंग हा मशर आघाडीवर होता, पाचवं विजेतेपद हाताशी. सेफ्टी या शेवटच्या चेकपॉइंटच्या अलीकडे वाऱ्याने गाडी वाटेवरून फेकली. तो कुत्र्यांना धरून बसून राहिला आणि शर्यत सोडली. नोम तिथून चाळीसेक किलोमीटर!

आता सरळरेघ यांना. आणीबाणीचा नियम या शर्यतीत आधीपासून आहे. वाटेत मूस (प्रचंड सांबरासारखं जनावर) अंगावर आलं आणि मारावं लागलं, तर थांबून त्याची आतडी काढावीच लागतात, म्हणजे मांस वाया जात नाही. मागून येणाऱ्यांनीही थांबून हात लावायचा, पुढे निघून जायचं नाही. २०२४ मध्ये डॅलस सीव्हीने हे काम नीट केलं नाही म्हणून त्याला दोन तासांचा दंड झाला, तरी तो जिंकला. मग वादळासाठी असं का नको? कुत्री आत घ्या, जितके तास आत तितके तास पुढच्या चेकपॉइंटवर थांबा. फायदा वजा, कुत्री सुखरूप.

सरळरेघ
तासांचं पटतंय. फक्त मोजणार कोण? ठिपका थांबला एवढंच जीपीएस सांगतो. कुत्री दाराच्या आत होती की बाहेर, ते नाही.

उणे_वीस
मशरच सांगेल. पेंढ्यावर बसून प्रत्येक पंजा हातात घेणारा माणूस मी पाहिलाय. त्याच्या शब्दावर चार तास मोजायला माझी तयारी आहे.

सरळरेघ
माझी अजून नाही. पण डोराडोचं मला माहीत नव्हतं. "थंडीसाठीच घडलेली" हे वाक्य मी मागे घेतो.