पुस्तक स्वतः काढलं. त्यानंतर लिहितं कसं राहिलात? अनुभव सांगा

माझं पहिलं पुस्तक मी स्वतः काढलं त्याला आता चार वर्षं झाली. डीटीपी (संगणकावर पानं मांडणं), मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), छपाई, सगळ्या गोष्टींसाठी विचारायला माणसं भेटली. पुस्तक आल्यानंतरच्या महिन्यांबद्दल मात्र कुणीच काही सांगितलं नव्हतं. पहिले पंधरा दिवस फोन वाजत होता. ओळखीच्यांनी प्रती घेतल्या, फोटो पाठवले, अभिनंदन केलं. तिसऱ्या आठवड्यात फोन थांबले. पुढचे सात महिने मी एक ओळही लिहिली नाही.

प्रकाशकाकडून पुस्तक आलं आणि चाललं नाही, तर दुःख वाटून घ्यायला निदान दोन माणसं असतात. स्वतः काढलेल्याचं सगळं आपल्याच अंगावर येतं. लेखनही आपलं, हिशेबही आपला.

मी त्यातून बाहेर आले ती एका अगदी साध्या कामामुळे. दुसऱ्या आवृत्तीचा काही पत्ता नसताना मी उगाच चुका शोधायला बसले. हातात पेन्सिल, समोर माझीच प्रत. पान ४१ वर ‘पाणी’चा ‘पाणि’ झालेला, पान ६६ वर एकच ओळ दोनदा. शंभराव्या पानाच्या आसपास पेन्सिल हातात तशीच राहिली आणि मी नुसती वाचत गेले. त्या प्रकरणात एक म्हातारी दोनच वाक्यं बोलून निघून जाते. ती कुठे गेली असेल, असं मनात आलं. त्याच रात्री समासात चार ओळी लिहिल्या. माझं दुसरं पुस्तक तिथे सुरू झालं.

तुम्हीही सांगा. ‘सकारात्मक राहा’ एवढ्याने कुणाचं भागत नाही. नेमकं काय केलंत, कशामुळे पुन्हा लिहायला बसलात, ते लिहा. जे जमलं नाही तेही लिहा.

*

ताई, तुमचे ते सात महिने वाचून बरं वाटलं. मला वाटायचं, असं माझंच झालं.

मी ५०० प्रती छापल्या. संख्या वाढली की प्रत स्वस्त पडते, हे गणित छपाईवाल्याने समजावलं आणि ते खरंच आहे. प्लेट, यंत्र जुळवणं हा खर्च १०० प्रतींनाही तेवढाच आणि ५०० लाही तेवढाच. पण खोकी ठेवायची कुठे, हे त्या गणितात नव्हतं. ती पलंगाखाली गेली. रोज रात्री मी ३६० न विकलेल्या प्रतींवर झोपत होतो. चादर बदलताना खोक्यांच्या कडा दिसायच्या आणि पोटात कालवायचं.

मग बायकोने सगळी खोकी ओढून बाहेर काढली आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली, एक उघडं. म्हणाली, ‘लपवतोस म्हणून टोचतात.’ येणारा-जाणारा सहज एक उचलून चाळायचा. त्याच आठवड्यात मी एक वही केली. किती उरल्या हे त्यात लिहायचं नाही, फक्त प्रत कुठे गेली ते लिहायचं. अनुक्रमांक, तारीख, कुणाकडे. एक प्रत वाचनालयात, एक रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात, एक जुन्या मास्तरांकडे, एक प्रवासात शेजारी बसलेल्या मुलीकडे. आज वहीत २८७ नोंदी आहेत. विकत गेलेल्या आणि दिलेल्या, दोन्ही. ती वही चाळली की माझं पुस्तक चालत कुठे कुठे पोचलंय ते दिसतं.

*

मी ईबुकवाली. दिवसातून वीस-वीस वेळा विक्रीचा आलेख उघडायचे. आता फक्त रविवारी सकाळी, एकदाच. पहिले दहा दिवस हात शिवशिवत होते, मग सुटलं. एवढंच.

*

वरच्या खोक्यांवरून आठवलं, म्हणून लिहितो. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोने १८४९ साली पहिलं पुस्तक काढलं ते नुकसानीची जबाबदारी स्वतःकडे घेऊन. १००० प्रती. १८५३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रकाशकाने त्यांतल्या ७०६ परत पाठवल्या. ७५ भेट गेल्या होत्या, उरलेल्या दोनशेच्या वर विकल्या गेल्या होत्या. त्याने ते गठ्ठे पाठीवरून जिना चढून वर नेले. रोजनिशीत त्याने लिहून ठेवलंय, की आपल्या घरात आता जवळपास ९०० पुस्तकं आहेत आणि त्यांतली ७०० हून अधिक आपणच लिहिलेली आहेत. त्याच नोंदीत पुढे असंही आहे, की या ढिगाऱ्याशेजारी बसून आज रात्री मी नेहमीच्याच समाधानाने लेखणी उचलतो आहे. पुढच्याच वर्षी त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक ‘वॉल्डन’ आलं.

मला ‘वॉल्डन’पेक्षा ती रात्र महत्त्वाची वाटते. पुढच्या वर्षी काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं. छपाईचं कर्जही पुरतं फिटलं नव्हतं. तरी तो लिहायला बसला.

*

माझा अनुभव थोडा लांब आहे, पण यात शिकण्यासारखं आहे म्हणून सविस्तर सांगते.

माझी कादंबरी आधी छापील होती. डीटीपी जुन्या फाँटमध्ये झालं होतं. ईबुक करताना तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घेतला. पहिली पाच-सहा पानं तपासली, नीट दिसली, पुस्तक चढवलं. आठवड्याने पहिला अभिप्राय आला. एक तारा. खाली लिहिलं होतं, ‘मराठी लिहिता येत नसेल तर पुस्तक कशाला काढता?’

मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. बावीस वर्षं मराठी शिकवलंय मी.

तिसऱ्या दिवशी फोनवर माझंच पुस्तक उघडलं आणि मधलं एक प्रकरण वाचायला घेतलं. ‘दुसऱ्या’तला अर्धा र गळालेला. ‘वर्षं’चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला. काही ठिकाणी ‘क्ष’ फुटून दोन तुकडे झालेला. जुन्या फाँटांत अक्षराचं नुसतं चित्र असतं, वेलांटी आणि रफार डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ठेवलेले असतात. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. बदलताना तिथेच गडबड होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण त्या वाचकाने तरी हे का माहीत करून घ्यावं? त्याला दिसलं ते चुकीचंच होतं.

मग एक यादी केली. ऱ्या, ऱ्हा, र्थ, र्ष, क्ष, ज्ञ, द्ध, द्य, श्र. एकेक घेऊन सगळं पुस्तक शोधलं. अकरा रात्री लागल्या. नवव्या रात्री मला जाणवलं, की मी आता रडत नाहीये, मी काम करतेय. सुधारलेली फाइल चढवली आणि पुढच्या छापील आवृत्तीसाठी ऋणनिर्देशात एक ओळ लिहून ठेवली आहे, ‘ज्या वाचकाने ईबुकातल्या चुका कळवल्या त्यांचे आभार.’ मनापासून लिहिली आहे. तो एक तारा अजून तिथेच आहे. नव्याने लिहिणाऱ्यांना एकच विनंती, फाइल चढवण्याआधी शेवटचं प्रकरण फोनवर वाचा. सुरुवातीचं सगळेच वाचतात.

*

पैशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझी अर्धी निराशा अज्ञानातून आली होती.

किंडलवर (ॲमेझॉनच्या ईबुकांच्या दुकानात) पहिलं पुस्तक मार्चमध्ये चढवलं. एप्रिल गेला, खात्यात काही नाही. मी ठरवूनच टाकलं की पुस्तक पडलं. नंतर नियम नीट वाचला. महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी त्या महिन्याचे पैसे येतात, म्हणजे मार्चचे मे अखेरीस. रॉयल्टीचे, म्हणजे विक्रीतल्या लेखकाच्या वाट्याचे, दोन दर असतात, ३५ टक्के आणि ७० टक्के. कोणता लागू होईल ते किंमत कोणत्या पट्ट्यात आहे यावर आणि इतर काही अटींवर ठरतं. मी न वाचताच ३५ निवडला होता. छापील पुस्तकाचंही तसंच. दुकानात ठेवलेली प्रत म्हणजे विकलेली प्रत नव्हे. न खपलेली परत येते, तीही कोपरे दुमडून.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी छपाईची रक्कम आधीच बाजूला काढली आणि घरात सांगून टाकलं, हे पैसे गेले असं धरा. घरातही शांतता आणि माझ्या डोक्यातही. परत आलेला प्रत्येक पैसा मग आनंदाचा झाला. उसने घेऊन पुस्तक काढू नका, असं मी कळकळीने सांगेन. डोक्यावर देणं असलं की वाचकाचं पत्रसुद्धा नीट वाचवत नाही.

*

कवितासंग्रह. ८० पानं, २०० प्रती.

घरात कुणी वाचला नाही. मुलाने मुखपृष्ठ छान आहे म्हटलं. नवऱ्याने अर्पणपत्रिका वाचली, कारण तिथे त्यांचं नाव होतं. मी वर्षभर मनात धरून होते. शेवटी माझ्या मैत्रिणीच्या आईने तो वाचला. त्यांना मोतीबिंदू, त्यामुळे नातीकडून वाचून घेतला. एकदा मी गेले तेव्हा नात वाचत होती आणि आजी डोळे मिटून ऐकत होत्या. एका कवितेत मी विहिरीवरच्या रहाटाचा आवाज लिहिला आहे. तिथे आजींचा हात उशीवर हळूच वर-खाली व्हायला लागला, दोर ओढल्यासारखा. कविता संपली तरी हात थांबला नव्हता.

मी काही बोलले नाही. घरी येऊन नवऱ्यावरचा राग गेला, कसा ते माहीत नाही. आपल्या माणसांनी आपलं लिहिलेलं वाचलंच पाहिजे, ही अट मी त्या दिवसापासून सोडली. आता लिहिताना तो हात डोळ्यांसमोर असतो.

*

इथे थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका.

मी दुसरं पुस्तक काढलं नाही. पहिल्यानंतर दोन वर्षं मी स्वतःला उत्साही ठेवण्यासाठी जे करता येईल ते केलं. रोज हजार शब्द, भिंतीवर चिठ्ठ्या, पहाटे उठणं. शेवटी लिहिण्याची भीती वाटायला लागली. मग थांबलो. वर्षभर फक्त वाचलं. आता लिहितो, महिन्याला एखादी कथा, आणि दोन मित्रांना पाठवतो. पुस्तक होईल की नाही ठाऊक नाही. मी हरलो असं मला वाटत नाही. थकलेल्या माणसाला कुणीतरी ‘थांब’ असंही म्हणायला हवं.

*

(धागा मांडणारी) दादा, राग कसला? हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या सात महिन्यांना मी इतके दिवस वाया गेलेले म्हणत होते. कदाचित त्या पेन्सिलीपर्यंत पोचायला तेवढे लागलेच असते.

*

र. धों. कर्व्यांचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनावरचं मासिक चालवलं. लेखक तेच, संपादक तेच, प्रकाशक तेच, आणि पदरमोडही त्यांचीच. कोर्टात खटले झाले, बाहेर टवाळी झाली, तरी पुढचा अंक निघत राहिला. माझ्या टेबलासमोर कुठलंही सुवचन नाही. तिथे फक्त पुढच्या कामाची तारीख असते. मन लागो न लागो, मी रात्री साडेनऊ ते साडेदहा बसतो. बरेचदा पहिली वीस मिनिटं काहीच होत नाही. ती वीस मिनिटं सोसायची सवय, एवढीच माझी कमाई आहे, आणि तीन पुस्तकं तिच्यावर झाली.

*

आम्ही दोघी आहोत. वेगवेगळ्या गावी राहतो, प्रत्यक्ष एकदाच भेटलोय. दर मंगळवारी फोन करायचा आणि आठवड्यात लिहिलेली दोन पानं एकमेकींना वाचून दाखवायची. कौतुक करायचं नाही, फक्त ‘इथे मला कंटाळा आला’ आणि ‘इथे पुढे ऐकावंसं वाटलं’ एवढंच सांगायचं. लिहिलं नसेल तरी फोन करायचाच. गेल्या वर्षी तिचे वडील गेले. सात मंगळवार ती नुसती बोलली, मी ऐकलं. आठव्या मंगळवारी म्हणाली, ‘अर्धं पान आहे, वाचू?’

ते अर्धं पान आता तिच्या पुस्तकाचं पहिलं पान आहे.

*

सगळ्यांचं काल रात्री एका दमात वाचलं. माझ्या पुस्तकाची खोकी उद्या येणार आहेत. ३०० प्रती. गेले चार दिवस छातीत धडधड आहे, पाठराखणीतली (मागच्या मुखपृष्ठावरच्या मजकुरातली) एक वेलांटी चुकल्याचं परवाच लक्षात आलं आणि आता काही करता येणार नाही. पण फोनवर शेवटचं प्रकरण वाचून पाहिलं, रफार जागेवर आहेत. पलंगाखाली जागा केली होती, तिथे परत चपला ठेवल्या. खोकी दाराजवळच्या बाकावर राहतील. वही आणली, रेघा मारल्या. अनुक्रमांक १ समोर नाव लिहून ठेवलंय, आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंचं. आठवीत असताना त्यांनी मला एका वेळी दोन पुस्तकं घरी न्यायची परवानगी दिली होती. बाकी सगळ्यांना एकच मिळायचं.