आईचं फोलेट कमी आलंय, केमिस्टने सांगितलेली गोळी सुरू करू का?

मुग्धा_धनकवडी
आई ६२ वर्षांची, जिना चढली की धाप लागते, जीभ लालबुंद होऊन सोलवटलीये, तिखट तोंडात धरवत नाही. हिमोग्लोबिन ८.४, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ११२, फोलेट (बी९ जीवनसत्त्व) कमी. बी१२ केलेलं नाही. आम्ही शाकाहारी, पालेभाजी रोज असते, मग हे कसं? केमिस्ट म्हणतो फोलेटचीच गोळी, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड ५ एमजी चालू करा.

लॅबवाला_सदाशिव
ताई, आधी बी१२ ची टेस्ट करा, गोळी त्यानंतर. दोन्हींच्या कमतरतेत लाल पेशी मोठ्या होतात, म्हणजे एमसीव्ही १०० च्या वर जातो, म्हणून नुसत्या सीबीसीवरून (रक्तपेशींच्या साध्या तपासणीवरून) वेगळं काढता येत नाही. आणि बी१२ कमी असताना फक्त फॉलिक अ‍ॅसिड दिलं की हिमोग्लोबिन वर येतं, सगळ्यांना वाटतं बरं झालं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं. हातापायाला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का? शाकाहारी घरात तर ही शंका आधी घ्यायची. आईला दुसरं कुठलं औषध चालू आहे?

मुग्धा_धनकवडी
मुंग्या नाहीत. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आहे, आठवड्यातून एकदा.

लॅबवाला_सदाशिव
मग हे आजच्या आज त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना फोन करून सांगा, उद्यावर ढकलू नका! हे औषध फोलेटचं कामच अडवतं. तोंड आलंय आणि रक्त कमी झालंय म्हणजे औषधाचा त्रास असू शकतो, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, किडनी सगळं बघावं लागेल. पुढचा डोस त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. ताप आला तर थेट हॉस्पिटल. गोळी चुकून रोज तर घेतली जात नाहीये ना, तेही पाकिटावर बघा, असं होतं आणि फार घातक असतं. मध्ये लघवीच्या इन्फेक्शनसाठी ट्रायमेथोप्रिमवाली अँटिबायोटिक घेतली असेल तर तेही सांगा.

अनघा_कोथरूड
भाजीबद्दल, फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने कमी होतं, त्यामुळे पालक उकडून पाणी ओतलं तर बरंचसं सिंकमध्ये गेलं. चवळी, मसूर, हरभरा, शेंगदाणे यातही भरपूर असतं. पण आत्ता आहाराने भागणार नाही. माझ्या काकूंना फोलेटची कमतरता होती, बी१२ बघून मग डॉक्टरांनी ५ एमजी रोज, चार महिने दिली. शोषणाचा प्रॉब्लेम असेल, सीलिअॅकसारखा (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं तो आजार), तर तोही शोधावा लागतो.

मुग्धा_धनकवडी
डॉक्टरांशी बोलले. डोस थांबवायला सांगितलाय, संध्याकाळी बी१२ आणि बाकीच्या टेस्टसाठी आईला घेऊन निघतोय. पाकीट बघितलं, आठवड्याचीच घेतेय.