पोलो काढून सुपर्ब घेऊ का?

(शनिवारी रात्री आमच्या रत्नागिरीच्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा. मधली फुलांची चित्रं आणि पाण्याच्या मोटरवरून झालेली भांडणं काढून टाकली आहेत. म्हणजे बरीचशी.)

मंदार (ए-३०२): मंडळी, एक सल्ला हवाय. माझी २०१६ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, छोटी पेट्रोल गाडी, सगळ्यांना ठाऊक आहेच, सचिवांना जरा जास्तच. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांची २०१९ची स्कोडा सुपर्ब, लांब सेदान, विकायची आहे. २ लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, एकहाती वापरलेली. १७ लाख सांगतायत. माझ्या पोलोचे ५ येतील. माझं चालवणं म्हणजे दर बुधवारी कोल्हापूर, महिन्यातून एकदा मुंबई, बाकी गावातल्या गावात नाचणे ते मारुती मंदिर. आबांचे गुडघे आता पोलोच्या मागच्या सीटवर मावत नाहीत. काय करावं?

स्मिता (ए-३०२): १७ लाख?

स्मिता (ए-३०२): मी स्वयंपाकघरात आहे. तू हॉलमध्ये आहेस. आणि मला हे ग्रुपवर कळतंय.

मंदार (ए-३०२): अगं, आधी सगळ्यांची मतं घेऊन मग तुला सांगणार होतो.

ओंकार (बी-४०१): दादा, विकू नकोस!!! पोलो २०२२ला इथे बंद झाली. तुझ्यासारखी १.२ टर्बो, १०५ पीएसची, सात गिअरची परत मिळणार नाही. साखरपा सोडल्यावर घाट सुरू होतो ना, तिथे ही गाडी तुझ्या मनात आलेलं आधीच ओळखते. सुपर्ब म्हणजे सोफा. सोफ्यावर बसून अंबा घाट चढणार का तू?

देवधरकाकू (ए-१०२): सोफ्यावर बसून घाट चढायला मिळाला तर मी आत्ता तयार आहे.

सचिव: मंदार, गाडीची लांबी कळवा. तुमचा स्लॉट ४.७५ मीटर आहे. पोलोचं नाक आत राहतं. मागे खांब आहे आणि पुढून पाण्याचा टँकर जातो, हे लक्षात असू द्या.

मंदार (ए-३०२): ४.८६ मीटर.

सचिव: म्हणजे ११ सेंटीमीटर बाहेर.

ओंकार (बी-४०१): नंबरप्लेट घरात ठेवा 😂

सचिव: हा विनोदाचा विषय नाही. मागच्या मे महिन्यात टँकरवाल्याने कोणाचा बंपर नेला ते आठवा.

नाखवाभाऊ (बी-२०१): ओंकार, तुझं सगळं घोड्यांवर चाललंय. घाटात ओढ लागते. पोलोचा टॉर्क १७५, सुपर्बचा ३५०. वजन दीडपट आणि ओढ दुप्पट, हिशेब तूच कर. आमच्या ट्रॉलरचं इंजिन कधी किंचाळताना ऐकलंस? पण भरलेलं जाळं ओढतं. चार माणसं, सामान, एसी चालू आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर, अशा वेळी मोठं डिझेल नुसता पाय ठेवला की जातं. पोलोला आधी गिअर उतरवायला लागतो.

ओंकार (बी-४०१): गिअर उतरतो तेव्हाचा आवाजच तर ऐकायचा असतो भाऊ.

नाखवाभाऊ (बी-२०१): तो आवाज तुला ऐकायचाय. आबांना ऐकायचाय का ते विचार.

सीएताई (ए-४०३): भावना बाजूला ठेवून आकडे देते. कोल्हापूरची चार खेपा महिन्याला १,०४०, मुंबई ६६०, गावातलं २००. म्हणजे १,९०० किलोमीटर. पोलो लिटरला १३ देते असं मंदारच म्हणतो. १०५ रुपये दराने पेट्रोलचे १५,३०० होतात. सुपर्ब १५ देते असं धरू, डिझेल ९२ ने, म्हणजे ११,७००. महिन्याला ३,६००-३,७०० वाचतात, वर्षाला ४४,००० च्या आसपास. वर घालायचे आहेत १२ लाख. म्हणजे ते २७ वर्षांनी वसूल.

सीएताई (ए-४०३): त्याआधीच, १५ वर्षं झाली की, गाडीचं रजिस्ट्रेशन नव्याने करायचं आणि पर्यावरण कर भरायचा. तेव्हा मंदारचंही रजिस्ट्रेशन नव्याने करायची वेळ आलेली असेल. इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग यात धरलेलं नाही. ते धरलं तर २७ हा आकडाही राहत नाही.

मंदार (ए-३०२): ताई, पैसे वाचवायला घेतोय असं मी म्हणालोच नव्हतो.

सीएताई (ए-४०३): डिझेल घेणारा प्रत्येक जण तिसऱ्या वाक्यात ते म्हणतो. तू अजून दुसऱ्यावर आहेस.

अण्णा (बी-१०४): आत्ता बघितलं. जेवत होतो. माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली, त्यामुळे डिझेलविषयी बोललो तर चालेल ना? थोडं लांबेल.

अण्णा (बी-१०४): एक, गिअरबॉक्स. पोलोच्या त्या डीएसजीत, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सात, क्लच कोरडा. रेडिओ ऐकत ट्रकच्या मागे एक-एक वीत पुढे सरकलं की तो तापतो. मिऱ्या-नागपूर रस्त्याचं काम सुरू झाल्यापासून हातखंब्याच्या पुढे तेच चाललंय. सुपर्बच्या डिझेलला सहा गिअरचा, तेलात बुडालेला क्लच. तो सोसतो. पण त्याचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलायला लागतं, आणि पहिला मालक नेमकं तेच टाळतो, कारण बिल मोठं येतं. ती पावती माग. 'बदललंय हो' हे तोंडी चालत नाही.

अण्णा (बी-१०४): दोन, इंजिन. टायमिंग बेल्टचं असंच, कधी बदलला ते लेखी बघ. आणि नाचणे ते मारुती मंदिर एवढ्यात डिझेल इंजिन तापतसुद्धा नाही. नुसतं तेवढं चालवलंस तर ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत, काजळी बसणार. पण तुझं बुधवारचं कोल्हापूर हे त्या इंजिनाचं औषध आहे. घाट एकदा दमाने चढवला की छाती मोकळी. बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या कडक नियमांनंतरच्या, नव्या डिझेलांना काजळीचा फिल्टर असतो, तो रोजच्या चार किलोमीटरने तुंबतो. ही आधीची आहे, तरी फिल्टर आहे की नाही ते विचारून घे.

अण्णा (बी-१०४): १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं तेव्हा स्कोडाने इथली डिझेलं बंद केली. म्हणून ओंकार पोलोबद्दल जे म्हणतो तेच सुपर्बलाही लागू. दोन्ही गाड्यांचं माहेर आटलेलंच आहे.

स्मिता (ए-३०२): माहेरावरून आठवलं. माझं काम झालं की बोलते.

अण्णा (बी-१०४): तीन, आणि हे सगळ्यात मोठं. गाडी कोल्हापूरची. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा कुठवर आली होती आठवतंय ना? मग परत जुलै २०२१. आपलं चिपळूणही त्याच जुलैत, २२ तारखेला बुडालं. तेव्हा पाण्यात गेलेल्या किती गाड्या धुऊन-पुसून कुठे-कुठे विकल्या गेल्या, ते सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही. डॉक्टर सज्जन असतील. पण गाडी उभी कुठे होती ते गाडीलाच विचार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, वरचा भाग धुतात, गुंडाळलेला धूत नाहीत. सीटच्या रुळाचे बोल्ट बघ. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बोटाला माती लागते का बघ. गालिचा उचलून वास घे. विमा कंपनीकडे जुना क्लेम आहे का ते काढ.

नाखवाभाऊ (बी-२०१): आणि आपल्याकडे आणल्यावर खारं वारं. घाटावरची गाडी आहे, तिला मीठ माहीत नाही. खालून कोटिंग करून घे आणि पावसाळा संपल्यावर गोड्या पाण्याने खालून धू. ब्रेकच्या डिस्कवर एका रात्रीत गंज दिसेल, घाबरू नको, तो पहिल्या चार ब्रेकला जातो. वायरिंगच्या जोडण्यांत शिरतो तो वाईट.

परबमामा (ए-२०४): आणि उंदीर. वायरी खातत. माझ्या गाडयेची खाल्ल्यानी. मोठी गाडी म्हणजे उंदरांक मोठा घर. पण मंदार, तुका एवडी मोठी गाडी कित्याक होई रे?

देवधरकाकू (ए-१०२): मामा, तेच विचारायला आले. मंदार, एक सांगू? माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून अधिकाराने बोलते. गुडघ्याला लांबी नको असते. उंची लागते.

मंदार (ए-३०२): म्हणजे?

देवधरकाकू (ए-१०२): सुपर्बमध्ये मागे पाय पसरता येतील, मान्य. पण तिथे पोहोचायचं कसं? ती गाडीही पोलोसारखीच खाली बसायची. खाली वाक, ढुंगण टेकव, मग पाय आत घे. बाहेर येताना तर कोणीतरी हात धरून ओढायला हवं. गुडघेवाल्याला सीट कमोडच्या उंचीची लागते. सरळ मागे सरकलं की बसलं. माझ्या भाच्याच्या उंच गाडीत मी एकटी चढते-उतरते, आणि माझ्या लेकाच्या मोठ्या लांबड्या गाडीतून मला दोघं जण काढतात, विहिरीतून काढल्यासारखी.

सीएताई (ए-४०३): 🙏 काकू, हे खरं ऑडिट.

अण्णा (बी-१०४): काकू, बरोबर. माझ्या डोक्यातच आलं नाही. आबांना एकदा बसवून-उठवून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नको रे.

ओंकार (बी-४०१): म्हणजे पोलोच ठेवायची! ठरलं!

मंदार (ए-३०२): ठरलं काय. थांबा जरा.

मंदार (ए-३०२): खरं सांगू का? आबांचे गुडघे हे निमित्त आहे. मलाच ती गाडी हवी आहे. डॉक्टरांकडे बसून बघितली. दार लागल्याचा आवाज येतो ना, तो दोन दिवस डोक्यातून गेला नाही. पोलो अजून आवडते, पण बुधवारी रात्री कोल्हापूरहून परत येतो तेव्हा घाटात मजा करायची इच्छाच उरलेली नसते. नुसतं घरी पोहोचायचं असतं. आधी तसं नव्हतं.

स्मिता (ए-३०२): हे मला आधी सांगितलं असतंस तर १७ चा आकडा ऐकून इतकी भडकले नसते. आता माझं ऐक. माझं माहेर गुहागर. आपण कसे जातो?

मंदार (ए-३०२): जयगडहून फेरीबोटीने तवसाळला.

स्मिता (ए-३०२): ओहोटीला धक्क्याचा उतार किती होतो? पोलो आखूड म्हणून चढते. मागच्या दिवाळीत आपल्यापुढे एक लांबलचक गाडी होती, तिचं पोट फळीच्या कडेला लागलं आणि कर्रर्र झालं. तुला आठवतंय, तू मोठ्याने हसला होतास.

मंदार (ए-३०२): हसलो होतो.

स्मिता (ए-३०२): मग आता मी माहेरी भरती बघून जायचं का? की चिपळूणवरून अख्खा वळसा घालून?

नाखवाभाऊ (बी-२०१): वहिनींचा मुद्दा जोरदार आहे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सुपर्बचं खूप जास्त. फळी जिथे मोडते तिथे मधलं पोट टेकणार. तिरकी घेतली तर निघते, पण फेरीबोटीवर तिरकं वळायला जागा कोण देणार?

मंदार (ए-३०२): पण डिकी बघ ना स्मिता. ६२५ लिटर. पोलोची २८०.

परबमामा (ए-२०४): लिटर नको सांगू. आंब्याच्यो पेट्यो किती रवतत ता सांग.

मंदार (ए-३०२): मामा, मोजल्या नाहीत. पण पोलोपेक्षा दुपटीहून जास्त.

परबमामा (ए-२०४): मगे घे. एप्रिलात मुंबैक जातलंस तेव्हा माझ्यो पण ने.

सचिव: आंब्यांच्या आधी ११ सेंटीमीटरचा प्रश्न सोडवा. खांबाच्या मागे जुनी मीटरपेटी आहे, ती भिंतीवर वर घेतली तर अंदाजे १५ सेंटीमीटर मिळतील. खर्च मंदार यांचा. ठराव पुढच्या मीटिंगला ठेवतो.

मंदार (ए-३०२): म्हणजे तुमचा पाठिंबा आहे?

सचिव: मी फक्त मोजमाप सांगितलं.

(इथे एका अनोळखी नंबरवरून 'ओके' आलं. मग गेलं. मग परत आलं.)

+ : ओके मी आबा. स्मिताने नंबर ग्रुपमध्ये घातला

+ : सगळे माझ्या गुडघ्यांबद्दल बोलताय ते वाचतोय. काकूंचं बरोबर. मागे बसायचा प्रश्नच नाही. मला पुढे बसव

+ : आणि पोलोचं म्हणशील तर अंबा घाटात तू चालवतोस तेव्हा मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत असतो. तुला वाटतं झोपलोय

ओंकार (बी-४०१): 😂😂😂

देवधरकाकू (ए-१०२): आबा, पुढच्या सीटवरही आधी बसून बघा हो. उंची, उंची.

मंदार (ए-३०२): बरं. डॉक्टर दर संकष्टीला गणपतीपुळ्याला येतात, त्याच गाडीने. या वेळी तिथेच येऊन बघा म्हणाले होते. आबा, अण्णा, येता का?

अण्णा (बी-१०४): येतो. टॉर्च आणि जुनं फडकं माझं. गालिचा मी उचलणार.

स्मिता (ए-३०२): मी पण येणार. गणपतीपुळ्याहून जयगड वीसेक किलोमीटर. डॉक्टरांना सांग, गाडी एकदा धक्क्यापर्यंत न्यायची आहे.

मंदार (ए-३०२): अगं, दुसऱ्याची गाडी. फळीवर कशी चढवू? ते नाही म्हणाले तर?

अण्णा (बी-१०४): नाही म्हणाले तर फळी माझ्याकडे आहे, टेपने मोजू. पण हो म्हणाले तर डॉक्टरांना गाडीबद्दल खात्री आहे असं समज.

स्मिता (ए-३०२): नाखवाभाऊ, संकष्टीला ओहोटी किती वाजता?

नाखवाभाऊ (बी-२०१): तिथीची पाऊणपट करायची वहिनी. चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन. तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, त्याआधी सहा तास ओहोटी. सकाळी नऊला धक्क्यावर या. दर्शन नंतर घ्या.

+ : नऊ वाजता चालेल. उपासाचं काहीतरी बरोबर घे स्मिता