प्रचारबंदीत पसरणारा बनावट आवाज: उमेदवाराने करायचे काय? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

कृष्णाकाठ: लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 126 नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत आपल्याकडे जाहीर प्रचार थांबतो. नेमक्या त्याच वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला उमेदवाराचा आवाज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला, तर त्याने खुलासा करायचा तरी कसा?

तळटीप: असे स्लोव्हाकियात घडून गेले आहे. 30 सप्टेंबर 2023 च्या निवडणुकीच्या तोंडावर, तिथल्या प्रचारबंदीतच, प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का आणि एक महिला पत्रकार मतदानात गैरप्रकार करण्याविषयी बोलत असल्याची ध्वनिफीत पसरली. दोघांनीही ती बनावट असल्याचे सांगितले, पण निर्बंधांमुळे खुलासा सर्वदूर पोहोचवणे अवघड होते. शिमेच्कांचा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर राहिला. मात्र त्याचे खापर एकट्या ध्वनिफितीवर फोडणे मला घाईचे वाटते.

उंबरठा: आपल्या निवडणूक आयोगाने मे 2024 मध्ये पक्षांना बजावले की असा मजकूर निदर्शनास आल्यापासून तीन तासांत हटवावा. हे पक्षांच्या अधिकृत खात्यांपुरते ठीक. भावकीच्या गटात पुढे ढकललेली फीत कोण हटवणार? (आणि तीन तासांत ती तालुकाभर फिरून येते, हे वेगळेच.)

तळटीप: म्हणूनच बनवणाऱ्यापर्यंत पोहोचायला हवे. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातील मतदारांना तत्कालीन अध्यक्ष बायडेन यांच्या नकली आवाजात मतदान टाळण्याचे फोन गेले, तेव्हा अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने ते घडवून आणणाऱ्या राजकीय सल्लागाराला 60 लाख डॉलरचा दंड ठोठावला.

कृष्णाकाठ: फोनचा माग निघतो, हे पटले. फॉरवर्डचा उगम शोधताना मात्र खासगीपणाचा प्रश्न आडवा येतोच.