उष्णतेच्या लाटेत शेजार कसा सांभाळला: बडोद्यातील अनुभव

धागाकर्ती, दांडिया बाजार

मैदानी प्रदेशात पारा ४० अंशांवर जाऊन नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक राहिला, किंवा थेट ४५ अंशांवर पोहोचला, की हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर, २०१३ साली, तेथील महानगरपालिकेने उष्णतेचा कृती आराखडा अमलात आणला. इशारा देण्याचे काम असा आराखडा करतो. परंतु वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचे दार शेजाऱ्यालाच वाजवावे लागते. म्हणून बडोद्यातील वाड्यांत, पोळांत (जुन्या शहरातील दाट वस्तीच्या गल्ल्यांत) आणि सोसायट्यांत आपण एकमेकांसाठी प्रत्यक्ष काय केले, ते सर्वांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मंडळाचा कार्यकर्ता, रावपुरा

आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या वहीत घराघरांची नोंद असते. तिच्यावरूनच आम्ही एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी केली, कारण मुले पुण्याला किंवा परदेशी आणि आईवडील जुन्या घरात, अशी कुटुंबे आमच्याकडे पुष्कळ आहेत. प्रत्येक घर एकेका कार्यकर्त्याकडे सोपवले आणि सकाळ-संध्याकाळ दारात जाऊनच भेटायचे, फोनवर भागवायचे नाही, असा नियम केला. फोनवर प्रत्येक जण ‘माझे अगदी बरे आहे’ एवढेच सांगतो; दारात उभे राहिले की माठात पाणी आहे का, पंखा फिरतो आहे का आणि बोलणे नेहमीसारखे आहे का, हे लगेच कळते. एका काकांनी विजेच्या बिलाच्या धास्तीने पंखा बंद ठेवला होता, हे तसेच उघडकीस आले.

दुपारसाठी आम्ही तळमजल्यावरची जाड भिंतींची खोली उघडी ठेवली. ‘विसाव्याला या’ म्हटले तेव्हा कोणी फिरकले नाही, कारण आपल्याला कोणी आधार देत आहे ही भावनाच ज्येष्ठांना संकोचाची वाटते. वर्तमानपत्रे आणि पत्त्यांचा जोड ठेवल्यावर मात्र ऊन चढण्यापूर्वीच मंडळी येऊ लागली.

निवृत्त परिचारिका, वाडी

आमच्या वाड्यात पत्र्याखालच्या खोलीत राहणाऱ्या आजी एका दुपारी सुनेला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. घरच्यांना ते वयाचे विसरणे वाटले. मी हात लावला तेव्हा कपाळ तापलेले होते आणि अंग कोरडे ठणठणीत होते. शरीराचे तापमान ४० अंश किंवा त्याहून अधिक होणे आणि त्याबरोबर भान हरपणे, असंबद्ध बोलणे किंवा झटके येणे, ही उष्माघाताची लक्षणे आहेत. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो, म्हणून भान बिघडले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

आम्ही १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवली आणि तिची वाट पाहत हात बांधून बसलो नाही. आजींना खालच्या ओसरीत आणले, कपडे सैल केले, अंगावर पाणी ओतून पुठ्ठ्यांनी वारा घातला, शेजारणींनी आपापल्या फ्रीजमधून आणलेला बर्फ पंचात गुंडाळून काखेत, जांघेत आणि मानेशी ठेवला. सून कळवळून तोंडात पाणी घालू पाहत होती. तिला मी थांबवले, कारण पूर्ण शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या घशातून पाणी श्वासनलिकेत उतरू शकते. तापाची गोळीही देऊ नये, उष्माघातात तिचा उपयोग होत नाही. आजी बऱ्या होऊन घरी आल्या. त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. अशी औषधे घेणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांना विचारावे, स्वतःच्या मनाने ती बंद करू नयेत.

गृहिणी, नवापुरा

ताक आणि पन्हे घरोघरी असतेच. घामाने फार थकवा आलेल्यासाठी मात्र एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण आमच्या जिन्यातील फळ्यावर लिहून ठेवले आहे. मीठ अंदाजाने वाढवणे धोक्याचे असते.

सोसायटीचा सचिव, मांजलपूर

गच्चीला आम्ही होळीच्या सुमारास चुन्याचा पांढरा हात देतो. विझवलेला चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंक मिसळून दोन-तीन हात द्यावेत आणि डोळ्यांना चष्मा अवश्य लावावा. पांढरे छत ऊन परत फेकते, त्यामुळे वरच्या मजल्यावरील खोल्या २ ते ५ अंशांनी थंड राहू शकतात. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षीचा खर्च धरावा लागतो. वरच्या मजल्यावरच्यांनीच तो का सोसावा, या प्रश्नावर आमच्या सभेत बराच वाद झाला आणि शेवटी तो सर्वांत वाटला गेला, हे मला योग्य वाटते.

आणखी एक गोष्ट लिहितो. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा गारवा कमी होतो, आणि खिडकी बंद असेल तर खोली अधिकच कोंदट होते. पारा ४० अंशांवर असताना नुसता पंखाही गरम हवाच अंगावर आणतो. त्या वेळी अंग ओल्या पंचाने पुसत राहावे.

भाजीची नेहमीची गिऱ्हाईक, खंडेराव मार्केट परिसर

ज्यांना घरात थांबता येत नाही, त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बायका दुपारी पाणी पीत नाहीत, याचे कारण जवळपास स्वच्छतागृह नसते. आमच्या इमारतीतील तळमजल्याचे स्वच्छतागृह आम्ही त्यांच्यासाठी उघडे केले, तेव्हापासून फाटकाशी ठेवलेला माठ दुपारपर्यंत रिकामा होऊ लागला. मंडपाचे जुने कापड दोन खांबांना बांधून सावलीही केली आहे. कोणाच्या मंडळाकडे असे कापड पडून असेल तर ते आम्हाला हवे आहे, कारण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला अजून ऊनच आहे.